थेंब न टाकलेली नळी

मी काळजी करणारा माणूस आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून माझी थट्टाही भरपूर होते. मोटार रिवायंडिंगच्या धंद्यात मात्र हा स्वभाव कामाला येतो. एक वेढा सैल राहिला तर मोटार विहिरीत जळते आणि शेतकरी ती टेंपोत घालून परत माझ्याच दारात आणतो. म्हणून मी सगळं दोनदा बघतो. दुकानात माझा एक टेस्ट लॅम्प आहे, होल्डरमधला साधा बल्ब आणि दोन वायरी. मोटारीच्या बॉडीला करंट लागतोय का हे बघायच्या आधी मी तो लॅम्प चालू प्लगला लावून बघतो. बल्बच गेलेला असला तर तो मोटारीबद्दल काय सांगणार?

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी तिच्या खोलीतला पंखा उतरवून वरचा हूक ओढून पाहिला. दाराची कडी आतून अडकते का तेही पाहिलं. बायको म्हणाली, "आता पोरीला पण खोलून बघा एकदा." मुलगी हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिचे दिवस भरत आले होते.

पाण्याचं मला तिनेच शिकवलं होतं. एमएस्सीला असताना तिने घोड नदीच्या पाण्यावर अभ्यास घेतला होता आणि त्यासाठी नमुने गोळा करायला मीच तिला मोटरसायकलवरून फिरवलं. मंचरवरून घोडेगाव, पुढे डिंभ्याचं धरण, आणि धरणाच्या काठाकाठाने वर आहुप्याकडे. डिकीत तपकिरी काचेच्या बाटल्या, त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये माझे जुने बनियन. वरच्या अंगाला हिरड्याची झाडी आहे. तिथला एक ओढा मला अजून आठवतो. तळातले खडे मोजता येतील इतकं पाणी निवळ, पण तिने ते बाटलीत भरून उजेडात धरलं तर कोऱ्या चहासारखं दिसलं. मग तिने ते मोठ्या सिरिंजमध्ये घेऊन पांढऱ्या कागदातून गाळलं. कागदावर थोडा गाळ राहिला. खाली उतरलेलं पाणी होतं तसंच पिवळसर.

"गाळून पण जात नाही?" मी विचारलं.

"तेच तर मला पाहिजे, पप्पा. गाळ डोळ्याला दिसतो म्हणून सगळे गाळाला भितात. हे विरघळलेलं असतं. पानं, मुळ्या, शेण, कुजलेलं गवत, सगळ्याचा अर्क. पाऊस पडला की मातीतून झिरपत ओढ्यात उतरतो, ओढ्यातून नदीत, नदीतून धरणात."

"आणि धरणात?"

"थोडा उन्हाने जातो, थोडा जंतू खातात. उरलेला आपल्याकडे येतो."

बाटल्या तपकिरी का, तर वाटेत उन्हाने त्यातला रंग जाऊ नये म्हणून. तिला या सगळ्याचा आनंद वाटत होता. मला 'उरलेला आपल्याकडे येतो' एवढंच लक्षात राहिलं. परतीच्या वाटेवर जिथे जिथे ओढा आडवा आला तिथे मी वर बघत राहिलो, की ह्याच्या डोक्यावर काय काय असेल.

आमच्या गावाच्या डोक्यावर काय असेल, हे मात्र ती बाळंतपणाला आली त्या नोव्हेंबरपर्यंत मला सुचलं नाही.

आमचं घराणं मूळचं मेंढरांवरचं. मी दुकानात शिरलो, पण माझ्या थोरल्या भावाने, दादाने, थोडी मेंढरं अजून ठेवली आहेत. पूर्वी तो दिवाळीनंतर कोकणात उतरायचा. आता गुडघे धरतात, म्हणून अवसरीच्या पट्ट्यातच राहतो. बाजरी-सोयाबीन निघालं आणि कांद्याची लागण व्हायची असली की शेतकरी त्याला बोलावतात. रानात सुताची जाळी लावून तो त्यात मेंढरं बसवतो. त्या जाळीला वाघर म्हणतात. आज ह्या तुकड्यात, उद्या पलीकडच्या, असं करत सगळ्या रानाला लेंडीखत आणि मूत मिळतं. शेतकरी दादाला धान्य देतो, जेवण पोचवतो, आणि कांदा चांगला आला की वर्षभर त्याचं नाव काढतो. दादाला या गोष्टीचा अभिमान आहे. आपली मेंढरं बसली ते रान हसतं, असं तो म्हणतो.

एरवी तो लांबच्या रानात बसायचा. पण त्या वर्षी बिबट्याने आमच्याकडे उच्छाद मांडला होता. उसातून निघून तो सरळ वाघरीवर यायचा. त्यामुळे दादाने वस्तीला लागून असलेलं रान धरलं. ते रान उताराचं आहे. खाली ओढा, आणि ओढ्याच्या काठावर गावाची पाण्याची विहीर. तिचं पाणी मोटारीने टाकीत चढतं आणि टाकीतून घरोघर. त्या मोटारीचं वायंडिंग मीच भरलेलं. या सगळ्या गोष्टी मला वेगवेगळ्या माहीत होत्या. त्या एकाच उतारावर आहेत हे ना माझ्या लक्षात आलं, ना दुसऱ्या कुणाच्या.

मग अवकाळी पाऊस आला. गारा नव्हत्या, वारा नव्हता, नुसता दिवसभर संथ पडत राहिला. लोक म्हणाले, बरं झालं, नुकसान करून गेला नाही.

नळाला पाणी आलं ते गढूळ होतं. बायकोने हंड्यात तुरटी फिरवली. गाळ तळाला बसला, वरचं पाणी स्वच्छ निवळलं, आणि तरी त्याचा रंग गेला नाही. मी स्टीलचा पेला सोडून काचेचा ग्लास आणला आणि दारात जाऊन उजेडात धरला. कोरा चहा. मला एकदम आहुप्याचा तो ओढा आठवला.

"जार आणतो," मी म्हणालो.

मुलगी म्हणाली, "जार कुठल्या बोअरचा असतो, कोण बघतं पप्पा? नळाच्या पाण्यात निदान क्लोरीन तरी असतो. नुसत्या रंगाने काही होत नाही. चहा रंगीतच असतो की."

तरी बायकोने पाणी उकळायला सुरुवात केली. तेवढ्यात आमचा पाणीवाला दारात आला. गावाच्या टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकणं आणि घरोघर नळाचं पाणी तपासणं हे त्याचं काम. माणूस कष्टाळू, माझा जुना दोस्त. खिशातून काचेची नळी काढली, नळाचं पाणी घेतलं, त्यात ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकले आणि नळी आभाळाकडे धरली. पाणी पिवळं दिसत होतं. आमच्याकडे सगळ्यांना एवढं पाठ आहे, पिवळं आलं म्हणजे पावडर आहे, आणि पावडर आहे म्हणजे पाणी प्यायला चालतं.

"बघा, भाऊ. पिवळं हाय का न्हाई? रंगावरनं लोकं लई बोंबलायला लागली म्हून दारोदार दाखवत फिरतोय."

मला बरं वाटलं. बायकोनेही उकळायचं थांबवलं. आम्ही सगळे ते पाणी प्यायलो, मुलगीसुद्धा. रोज. पाणीवाला एक दिवसाआड यायचा, नळी आभाळाला धरायचा, आणि आम्ही पिवळा रंग बघून निश्चिंत व्हायचो.

आठवड्याभरात बातमी आली की पलीकडच्या आळीत दोघांना कावीळ झाली आहे. मी दुकान अर्धवट टाकून घरी आलो. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी मागेच बजावलं होतं की या दिवसांत पाण्यातून होणारी कावीळ फार वाईट, आईच्या जिवावर बेतते. त्या एवढं शांतपणे म्हणाल्या होत्या की मला तेव्हा जास्तच भीती वाटली होती.

पाणीवाला ओट्यावर बसलेला होता. कावीळ निघाल्यापासून तोही घाबरला होता, त्यामुळे दिवसातून दोनदा तपासत होता. "मी तर पावडरीत कसूर केली न्हाई. टाकीवर उभं राहवत न्हाई एवढा वास येतो," तो सांगत होता. पुन्हा पिवळा रंग आला. मुलगी पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "काका, ती दुसरी नळी द्या. थेंब टाकू नका. नुसतं पाणी भरा."

त्याने भरली. तिने दोन्ही नळ्या शेजारी धरल्या, एक थेंबांची, एक बिनथेंबांची.

दोन्ही सारख्याच पिवळ्या होत्या.

पाणीवाल्याने पुन्हा एकदा थेंब टाकून पाहिले, फरक पडला नाही. मुलीने मला दुकानातून बॅटरीच्या पाण्याची बाटली आणायला सांगितली. त्या शुद्ध पाण्यात तिने पाणीवाल्याकडची चिमूटभर पावडर मिसळली आणि थेंब टाकले. रंग असा चढला की त्याच्यापुढे आमची नळी अगदी मळकी दिसली. खरा पिवळा कसा असतो ते आम्ही त्या पावसानंतर पहिल्यांदा बघत होतो.

"म्हंजे पावडर व्हतीच कुठं?" पाणीवाला म्हणाला.

"तुम्ही टाकली होती, काका. पाण्यात जे विरघळलंय ते आधी तिला खाऊन टाकतं. जंतूंपर्यंत ती पोचतच नाही." मग लगेच म्हणाली, "आणि आता घाबरून डबा उपडा करू नका. ह्याच्यात जास्त पावडर पडली की त्यातून वेगळंच वाईट काहीतरी बनतं. आधी वरून येतंय ते थांबवा."

मला माझा टेस्ट लॅम्प आठवला. चालू प्लगला लावून न बघता मी आयुष्यात कधी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि नळी मात्र दहा माणसांबरोबर मान वर करून बघत राहिलो. मुलगी शांत होती, पण तिने खुर्चीच्या हातावरून बोटं काढली नाहीत. मग हळूच विचारलं, "पप्पा, पाणी पोटात गेल्यावर कावीळ दिसायला किती दिवस लागतात माहिती आहे ना?" मला माहीत होतं. कित्येक आठवडे लागतात. आळीतल्या त्या दोघांना ती पावसाआधीच कुठून तरी लागलेली असणार. म्हणजे आज काही कळणार नव्हतं, उद्याही नाही. बाळंतपण त्याच्या आत येणार होतं.

मी वर रानात गेलो. दादा तीन दगडांवर चहा ठेवून बसला होता. वाघरीत मेंढरं दाटीने उभी होती आणि त्यांच्या पायाखालची जमीन काळी, ओली झाली होती. सऱ्यांमधून अजून बारीक पाणी ओघळत होतं. मी त्याच्या बाजूने चालत गेलो. ते बांधाच्या खांडातून ओढ्यात उतरत होतं, आणि तिथून विहिरीचा कठडा समोर दिसत होता. दादाच्या पातेल्यात जो रंग होता तोच त्या पाण्याला होता.

"दादा, वाघर काढ."

"का? रानवाल्यानं काय सांगितलं का?"

"मी सांगतोय. तुझ्या मेंढरांचं पाणी विहिरीत उतरतंय. गावात कावीळ निघालीय." माझा आवाज चढला होता. मोठ्या भावाशी मी असा कधी बोललो नव्हतो.

तो चिडला. "ईस-ईस वर्सं मेंढरं बसवतोय. लेंडीनं कुणी मेलं व्हय? वर बिबट्या हाय, कुठं नेऊ मी ह्यांना?"

"ते पाणी लेकीने प्यायलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. उठला, पहिल्या खुंटाशी गेला आणि तो हलवून उपसला. मग दुसरा. त्याच्या गुडघ्यांना वाकता येत नाही, म्हणून मी पुढे झालो तर त्याने हाताने बाजूला सारलं. चहा उतू जाऊन जाळ विझला तरी आमच्यापैकी कुणी तिकडे गेलं नाही. संध्याकाळच्या आत तो मेंढरं घेऊन वरच्या रानात गेला. तिथे तो काठी मांडीवर ठेवून जागत होता, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

पाणीवाल्याने टाकी रिकामी करून धुतली, विहीर उपसली, ओढ्याकडून येणारं पाणी चर खणून वळवलं. आम्ही उकळून पिऊ लागलो. त्याने आता दोन नळ्या घेऊन फिरायची सवय लावून घेतली. पण जे पिऊन झालं होतं त्याला काही करता येत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन मुलीच्या खोलीत जायचो, खिडकी उघडायचो आणि तिला म्हणायचो, "वर बघ." ती वर बघायची. मी बोटाने तिची खालची पापणी ओढून डोळ्यातला पांढरा भाग बघायचो. नळीत ज्या रंगाची मी वाट बघायचो, तोच रंग आता इथे दिसू नये म्हणून जीव टांगणीला लागला होता. बल्बच्या उजेडात सगळंच पिवळट दिसतं, म्हणून उन्हात बघायचो. मग संशय यायचा की ऊन कोवळं आहे, म्हणून दुपारी पुन्हा. बायको म्हणायची, "आले डोळ्यांचे डॉक्टर." पण मी दुकानात गेलो की तीही बघायची, हे मुलीने मला सांगितलं. जेवण थोडं कमी गेलं, मळमळलं, अंग जड वाटलं, की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. आठवा सरून नववा लागलेल्या बाईला हे सगळं होतच असतं. त्यातलं कशाने होतंय हे कोण सांगणार? डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, ठीक आलं. "आज ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यातला 'आज' मी घरी घेऊन आलो.

दादा घरी येईना. पूर्वी एक दिवसाआड दूध घेऊन यायचा. आता कुणाच्या तरी हाती पाठवायचा.

मुलगा झाला. बाळंतपण सुखरूप झालं. मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही. पण तिसऱ्या दिवशी नर्स बाळाला घेऊन गेली आणि निळ्या दिव्याखाली ठेवलं. बाळ पिवळं पडलं होतं. नर्स म्हणाली, "काही नाही हो आजोबा, पुष्कळ बाळांना होतं. दोन दिवसांत उतरतं." डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या, त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. मी मान हलवली आणि एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही.

खाली आलो तर फाटकापाशी दादा उभा होता. घोंगडी नव्हती, धुतलेला सदरा घातला होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"माज्या मेंढरांनी केलं का रं हे?"

मी त्याला वर नेलं. दारातच तो थांबला, आत यायला तयार होईना. "माज्या अंगाला वास असतो," म्हणाला. मुलगी त्याला आबा म्हणते. तिने पलंगावरून हाक मारली, "आबा, आत या." तो आत आला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

"बाळाचं तुमच्यामुळे नाही," ती म्हणाली. "आणि पाण्याचं एकट्या तुमच्यामुळे नाही. त्या ओढ्यात आपल्या मोऱ्यांचं पाणी जातं. उसाचं पाचट कुजतं, गोठ्यांचं येतं, पडके कांदे लोक तिथेच टाकतात. तुमचं फक्त शेवटी आलं, म्हणून सगळ्यांना दिसलं."

दादाने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "मला वाटलं व्हतं, रानाला दिलं म्हंजे रानातच ऱ्हातं," तो म्हणाला.

बाळाचा रंग खरंच दोन दिवसांत उतरला.

सव्वा महिन्यानंतर जावई मुलीला न्यायला आले. त्या पाण्याने कावीळ दिसायची मुदत सरत आली होती. संपली म्हणावी, तर नक्की कधी संपते यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. मी गाडीत सामान लावत होतो आणि सामान लावायच्या निमित्ताने सारखा मुलीच्या तोंडाकडे बघत होतो. तिची सासरची माणसं समोर होती. आज सकाळी घाईत बघायचं राहून गेलं होतं, आणि आता त्यांच्यादेखत पापणी ओढणं मला बरं दिसेना. दादा पायरीवर बसला होता. तोही बघत होता.

गाडी सुरू झाली. मुलीने काच खाली केली. मी काही बोलायच्या आत तिने मान वर केली, उन्हाकडे तोंड केलं आणि स्वतःच्या बोटाने खालची पापणी ओढून मला डोळा दाखवला. मग दुसरा दाखवला. पांढरे होते, अगदी स्वच्छ पांढरे. जावयांना वाटलं डोळ्यात काही गेलं.

गाडी वळणावर गेली. मी हात हलवत होतो. मग आठवलं की बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं होतं, आणि त्याचे डोळे बघायचे राहूनच गेले.